हसवणारी आई, आपल्या खामगावची

मालिकेतल्या नायिकेचं नाव आपल्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होतं. तिच्या साडीचा काठ, मंगळसूत्राची लांबी, सासूनं तिला कोणत्या शब्दांत टोचलं, सगळं लक्षात राहतं. पण नायिकेच्या आईचं काम करणारी बाई कोण, असं कुणी विचारलं की आपण अडखळतो. ‘ती गं, ती नाही का, टिपऱ्यांच्या घरात सून होती ती!’ मग समोरची म्हणते, ‘हो हो, ती! फार छान काम करते बाई.’ नाव मात्र दोघींनाही चटकन सुचत नाही.

आज या ‘ती गं, ती’बद्दल लिहायचं आहे. तिचं नाव शुभांगी गोखले. आणि मैत्रिणींनो, पोटात राहवत नाही म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या शुभांगीताई जन्मानं आपल्या खामगावच्या. जन्मतारीख २ जून १९६८. माहेरचं नाव शुभांगी संगवई.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तेव्हा घाटाखालची एक मावशी म्हणाली, ‘काय सांगतं वं माय! ते आपल्या खामगावची हाये? मंग आपल्यासारखी काऊन बोलत नाही?’ सगळ्या खळखळून हसल्या. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर शोधायचं तर त्यांच्या लहानपणात डोकवावं लागतं.

बदलीच्या घरातली मुलगी

शुभांगीताईंचे वडील न्यायाधीश होते. न्यायाधीशाची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. खामगाव, मलकापूर, बुलढाणा, जालना अशी गावं बदलत हे घर फिरलं. पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी पदवीपर्यंतचं शिक्षण घेतलं.

ज्यांच्या माहेरी बदलीची नोकरी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. आत्ता कुठे मैत्रिणी झालेल्या असतात, शेजारच्या काकू हक्कानं वाटीभर साखर मागायला लागलेल्या असतात, तोच ऑर्डर येते. खोकी बांधा, ट्रक बोलवा, नव्या गावात नवी शाळा. वर्गात पुन्हा आपण ‘नवी मुलगी’. आपल्या एकट्या जिल्ह्यातच बघा ना, घाटावरची बोली वेगळी, घाटाखालची वेगळी, आणि जालन्याच्या बाजूला गेलं की हेल आणखी बदलतो. बदलीच्या घरातली मुलगी आधी ऐकायला शिकते आणि मग बोलायला. समोरच्या बाईचा पदर कसा, चालणं कसं, राग आला की ती आवाज चढवते की भांडी आपटते, हे सगळं तिच्या डोळ्यांत आपोआप साठत जातं. नटीला याहून चांगली शिदोरी कोणती?

आणि खामगाव ते मुंबई हे अंतर काही नुसतं किलोमीटरचं नव्हे. खामगावातून रेल्वेनं जायचं तर आधी जलंब गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही मुलीनं बी.ए. व्हावं, गाणं शिकावं, शाळेच्या गॅदरिंगला नाटकात काम करावं, इथपर्यंत कौतुक असे. त्याच्या पुढचा रस्ता ‘स्थळं बघायला लागा’ याच पाटीकडे जायचा. त्या काळात मराठवाड्यातल्या कॉलेजातून निघून एक मुलगी थेट दूरदर्शनच्या पडद्यावर पोचली, हीच मोठी गोष्ट.

‘मिस्टर योगी’ आणि संसार

१९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘मिस्टर योगी’ नावाची हिंदी मालिका आली. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या बैठकीत अर्धी आळी बसलेली असायची. अमेरिकेहून आलेला एक लग्नाळू तरुण बारा राशींच्या बारा मुली बघतो, अशी ती गंमत. गुजराती लेखक मधु राय यांच्या कादंबरीवरची ही मालिका केतन मेहता यांनी दिग्दर्शित केली होती, ओम पुरी सूत्रधार होते आणि योगी झाले होते मोहन गोखले. याच मालिकेत शुभांगीताईंनी काम केलं, इथेच त्यांची मोहन गोखल्यांशी ओळख झाली आणि पुढे लग्न झालं. बारा मुली बघणाऱ्या नवऱ्याची मालिका आणि त्यातच जमलेलं खरं लग्न! 

मोहन गोखले म्हणजे साधासुधा नट नव्हे. ‘स्पर्श’, ‘भवनी भवाई’, मराठीतला ‘हेच माझं माहेर’ असे चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात ते गांधीजी झाले होते. १९९३ मध्ये या जोडप्याला मुलगी झाली, सखी.

आणि मग आला १९९९ चा एप्रिल. मोहन गोखले कमल हासन यांच्या ‘हे राम’ या चित्रपटाच्या कामासाठी चेन्नईला गेले होते. २९ एप्रिलला तिथेच हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय अवघं पंचेचाळीसच्या आसपास. ‘हे राम’मधली त्यांची भूमिका पुढे अतुल कुलकर्णी यांनी केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिनेमा पूर्ण होतो. रिकामी जागा दुसरा नट भरून काढतो. घराचं तसं होत नाही. शुभांगीताई तेव्हा एकतीस वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या आणि सखी जेमतेम पाच वर्षांची.

पांढऱ्या कपाळानं हसायचं नाही

इथे थोडं थांबून आपल्या गावांकडे बघू या. तिशीतली बाई एकटी पडली की आपल्याकडे काय होतं? पहिले तेरा दिवस सगळे येतात. त्यानंतर तिच्याबद्दलचे निर्णय तिला न विचारता घेतले जातात. तिनं कोणत्या रंगाची साडी नेसावी, कुठे जावं, कुठे जाऊ नये. हळदीकुंकवाला तिला बोलावणं जात नाही. लग्नात ती असते, पण स्वयंपाकघराच्या बाजूला. सगळ्यात बारीक नजर असते ती तिच्या हसण्यावर. ती रडली तर सगळ्यांचा जीव कळवळतो. ती हसली की कुजबुज सुरू होते, ‘वर्ष नाही झालं अजून, आणि दात काढून राहिली!’

आमच्या गटात अशीच एक बाई आहे. नाव सांगत नाही. भुलाबाईचे दिवस आले की तिच्या अंगणात आळीतल्या बाया, पोरी जमायच्या. गाणी झाली की खाऊ ओळखायचा, आणि खाऊ ओळखला की तिची नक्कल. दुकानातला मुनीम, बँकेतला शिपाई, शेजारची तोऱ्यातली नवी सून, कुणाला सोडायची नाही ती. हसून हसून पोट दुखायचं. मग नापिकी आली, कर्ज वाढलं, आणि एका पहाटे तिच्या नवऱ्यानं शेतात जीव दिला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला बुलढाणा होता. म्हणजे अशी घरं आपल्याला नवी नाहीत. पुढे कितीतरी वर्षं ती भुलाबाईला यायची, पण मागे भिंतीला टेकून बसायची. नक्कल कर, असं तिला कुणी म्हणालं नाही. म्हणायचं धाडसच झालं नाही कुणाचं. जणू नवऱ्याबरोबर तिच्यातली नकलाकारही गेली, असं आळीनं ठरवूनच टाकलं होतं.

हे डोळ्यांसमोर ठेवा आणि मग पुढची तारीख वाचा. मोहन गोखले गेले एप्रिल १९९९ मध्ये. २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा टीव्ही मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. त्यात टिपऱ्यांची सून श्यामला म्हणून शुभांगीताई आल्या आणि दर आठवड्याला अख्ख्या महाराष्ट्राला हसवू लागल्या. पडद्यावर नवरा, सासरे, एक मुलगा, एक मुलगी असं भरलेलं घर. शूटिंग संपवून परतायचं त्या खऱ्या घरात मायलेकी दोघीच.

मला या एका गोष्टीपुढे त्यांचे सगळे पुरस्कार छोटे वाटतात. एकट्या पडलेल्या बाईनं पोटासाठी नोकरी केली तर समाज मान डोलावतो. मास्तरीण हो, नर्स हो, शिलाई मशीन घे. पण तिनं लोकांना हसवायचं काम घ्यावं आणि ते इतकं चोख करावं की बघणाऱ्याला तिच्या घरातल्या दुःखाची शंकाही येऊ नये! आपल्यापैकी कितीजणींना तेव्हा ते माहीत होतं? आपण श्यामलाला बघत होतो आणि शेजारणीला सांगत होतो, ‘अगदी माझ्या वहिनीसारखी आहे गं.’

टिपऱ्यांच्या घरातलं हसू

‘टिपरे’ आठवते ना? दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावरून ती मालिका बेतली होती आणि दिग्दर्शक होते केदार शिंदे. प्रभावळकर स्वतः आबा टिपरे झाले होते, रोजनिशी लिहिणारे आजोबा. राजन भिसे म्हणजे मुलगा शेखर, शुभांगीताई सून श्यामला, आणि विकास कदम व रेश्मा नाईक म्हणजे नातवंडं शिऱ्या आणि शलाका. खून नाही, कट नाही, कुणी कुणाला जिन्यावरून ढकलत नाही. मध्यमवर्गीय घरातल्या बारीकसारीक अडचणी आणि त्यातून निघणारी गंमत, बस्स. जेवणं लवकर आटपून आपण टीव्हीसमोर बसायचो, सासूबाईंसकट. सासू आणि सून एकाच जागी, एकाच वेळी हसतायत, असं करून दाखवलेल्या मालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

विनोदी मालिकेत सगळ्यांची नजर मुख्य विनोदी नटावर असते. आबांचं काम होतंच तसं. पण मैत्रिणींनो, पोहे चांगले झाले तर आपण कुणाचं कौतुक करतो? वरच्या खोबरं-कोथिंबिरीचं. तेल तापल्यावर मोहरी नेमकी कधी पडली, कुणी बघत नाही. विनोदातही असंच असतं. एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं ते ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, किती क्षण गप्प राहायचं, कधी वळून बघायचं, यावर हसू येणार की नाही ते ठरतं. क्षणभर लवकर केलं तर विनोद कच्चा, क्षणभर उशिरा केलं तर करपला. श्यामलाचं काम मोहरीच्या फोडणीचं होतं. सासरे एकीकडे, नवरा दुसरीकडे, पोरं तिसरीकडे, आणि मध्ये पदर खोचून उभी असलेली ही बाई. ती गोंधळते, चिडते, पुन्हा हसते. तिचा भोळेपणा खरा वाटायचा, कारण त्या भोळेपणाला त्यांनी मूर्खपणा होऊ दिलं नाही.

हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडच्या कितीतरी विनोदात हसू बाईच्या अंगावर येऊन पडतं. बायको जाड, बायको कजाग, बायको खर्चिक, मेहुणी अशी, सासू तशी. नाहीतर पुरुषाला साडी नेसवायची, कंबर हलवायला लावायची आणि वर म्हणायचं हसा. आपणही हसतो, कारण सगळे हसत असतात. श्यामलाला बघताना आपण हसायचो ते वेगळं. ती आपल्यातली होती. तिची फजिती आपणही कधीतरी केलेली असायची. हसून झाल्यावर आपल्याला लहान झाल्यासारखं वाटायचं नाही, उलट घरात कुणीतरी आपली बाजू घेतली असं वाटायचं.

मिश्री मौसी ते शकू

एक भूमिका गाजली की नट त्याच भूमिकेत अडकतो. शुभांगीताईंचं तसं झालं नाही. २००९ मध्ये सब टीव्हीवर ‘लापतागंज’ ही हिंदी मालिका आली. हिंदीतले थोर व्यंगलेखक शरद जोशी यांच्या लेखनावरून ती सुचलेली होती. सरकारी योजना जिथे कधी पोचत नाहीत अशा एका हरवलेल्या गावाची ती गोष्ट. आपल्याला ते गाव ओळखीचं वाटलं यात नवल नाही. नळाला पाणी कधी येणार आणि खड्डा कधी बुजणार, हे विनोद आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

त्या गावातली मिश्री मौसी म्हणजे आपल्या शुभांगीताई. उत्तरेकडच्या कसब्यातली हिंदी, तिथला ठसका, तिथली बाई. कुठे मुंबईच्या फ्लॅटमधली श्यामला आणि कुठे ही मौसी! ज्यांनी दोन्ही मालिका पाहिल्या त्यातल्या कितीतरी जणींना या दोघी एकच आहेत हे लक्षातही आलं नसेल. परक्या भाषेत रडवणं एकवेळ जमतं, कारण डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना कळतं. परक्या भाषेत हसवायचं तर त्या भाषेचा हेल, तिथल्या बायकांचं टोमणे मारणं, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य, सगळं मुरलेलं लागतं. त्या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. गावोगाव फिरलेल्या या मुलीकडे एक बोली नाही, पुष्कळ आहेत. ज्या घरात जाईल त्या घरची ती होते.

पुढे वय वाढलं तशा त्या आई झाल्या. झी मराठीवर २०१६ मध्ये ‘काहे दिया परदेस’ सुरू झाली. मुंबईची मराठी मुलगी आणि बनारसचा मुलगा. त्यात गौरीचे वडील मोहन जोशी आणि आई शुभांगीताई. २०२१ च्या ‘येऊ कशी तशी मी नांदायला’मध्ये त्या ओमची आई झाल्या, शकू. अंगावर श्रीमंती आली तरी मनानं साधी राहिलेली बाई. २०२३ मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये त्या मुक्ताची आई होत्या. मधल्या काळात रंगभूमीवरही दिसल्या. प्रशांत दामल्यांबरोबरचं ‘साखर खाल्लेला माणूस’ हे नाटक खूप चाललं. विषय मधुमेहाचा, म्हणजे घरोघरचाच. दामल्यांसारख्या हुकमी विनोदी नटासमोर बायकोच्या भूमिकेत ठामपणे उभं राहणं हे काही सोपं काम नाही.

या सगळ्या आया वेगवेगळ्या आहेत बरं का. मालिकेतली आई लिहिणं फार सोपं समजलं जातं. देवापुढे दिवा लावायचा, मुलीला ‘सांभाळून राहा’ म्हणायचं आणि पदरानं डोळे पुसायचे. शुभांगीताईंची आई असं काही करत असतानाच मध्येच एखादं वाक्य असं टाकते की रडता रडता आपण हसतो. खऱ्या घरातली आई अशीच असते ना? मुलीच्या पाठवणीला रडताना तिचं अर्धं लक्ष ‘आहेराच्या पिशव्या कुणी मोजल्या का’ याच्याकडे असतं.

शिवाय ही रोजची मालिका म्हणजे काय कष्ट असतात, ते आपल्याला सोफ्यावर बसून कळत नाही. ‘टिपरे’ आठवड्यातून एकदा यायची. रोजच्या मालिकेला रोज एक भाग लागतो. सकाळी तोंडाला रंग लावला की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही. बारा-बारा तासांची पाळी, पानंच्या पानं संवाद, आणि एकाच दिवसात आधी लग्नाचा प्रसंग, मग दवाखान्याचा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं हे वर्षानुवर्षं करायचं, तेही आपलं नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही हे माहीत असताना.

सखी

ती पाच वर्षांची सखी मोठी झाली. २०१५ मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली आणि रेश्माच्या भूमिकेत ती आपल्या मुलाबाळांची लाडकी झाली. पुढे ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे नाटक तिनं केलं. माझी लेक टीव्हीसमोर रेश्मासाठी बसायची आणि मी म्हणायचे, अगं, ही श्यामलाची मुलगी. तिला श्यामला माहीत नव्हती आणि मला रेश्माच्या मित्रांची नावं पाठ होत नव्हती. दोन पिढ्यांना दोन वेगळ्या नट्या आवडाव्यात आणि त्या मायलेकी निघाव्यात, हेही छानच.

एकट्या आईनं वाढवलेलं मूल म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘बिच्चारं’ हा शब्द येतो. सखीकडे बघून तो शब्द कुणाच्या तोंडी येणार नाही.

आपल्याच मातीतला धागा

विधवेच्या जगण्याबद्दल मोठ्यानं बोलण्याची परंपरा आपल्या बुलढाण्याला आहे, हे आपण विसरून जातो. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला. तेव्हा वर्तमानपत्रांतून बायकांच्या नावानं बोटं मोडणं सुरू झालं. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. विधवेला पुन्हा लग्नाची मुभा नाही, आणि बायको मेलेल्या पुरुषाला मात्र लगेच दुसरी, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. तो विचारताना त्यांनी रडगाणं गायलं नाही. पुरुषांच्या ढोंगाची त्यांनी अशी काही टर उडवली आहे की आजही वाचताना हसू फुटतं. एकशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या गावच्या बाईनं हसण्याचं हत्यार केलं होतं.

आणि बदल होत नाही असंही नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं, असं सांगितलं. आपल्याकडेही काही ठिकाणी संक्रांतीला सगळ्या बायकांना वाण द्यायची पद्धत सुरू झाली आहे. पण ठराव कपाळापर्यंत पोचतो. हसण्यापर्यंत पोचायला शेजारणीच लागतात.

कुणी म्हणेल, शुभांगीताईंची गोष्ट वेगळी. त्या शिकलेल्या, हातात कला, मुंबईसारखं शहर. शेतकऱ्याच्या बायकोला आधी सातबाऱ्यावर नाव लावायचं असतं, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालायचे असतात, सावकार दारात असतो. खरं आहे. एका मालिकेनं कुणाचं कर्ज फिटत नाही. आमच्या गटातल्या त्या बाईच्या सातबाऱ्यासाठी आम्हालाही दोन वर्षं चकरा माराव्या लागल्या. पण नाव लागल्यावरही ती भिंतीलाच टेकून बसत होती, हेही तितकंच खरं. हक्काचा कागद मिळाला, पण हक्काचं हसू कोण देणार? शुभांगीताईंना कुणीतरी ‘ये, हे काम कर, लोकांना हसव’ असं म्हटलं, आणि त्या आल्या. ‘ये’ म्हणणारं माणूस लागतं.

तेव्हा यंदा भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसवाल, तेव्हा भिंतीकडे एकदा बघा. आपल्या प्रत्येकीच्या आळीत अशी एकजण बसलेली असते. तिला हाताला धरून पुढे आणा. खाऊ तिलाच ओळखायला सांगा. मुनिमाची नक्कल कर म्हणा. पहिल्यांदा ती नको म्हणेल, इकडेतिकडे बघेल. कुणी कुजबुजलं तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि तिनं नक्कल केली ना, की अगदी पोट धरून हसा. तिची कीव करत नको. ती खरंच चांगली नक्कल करते म्हणून.